दोनशे रोपं लावली, अकरा जगली. आता आम्ही पोरांनी नेमकं काय करावं?

दुधनाकाठ | १७ मे, रात्री १०:४०

नमस्कार. वर्षभर नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, परभणीत. गाव सेलू तालुक्यात, दुधनेच्या काठाला. एनएसएसमध्ये आहे. गेल्या जुलैत आम्ही दत्तक गावाच्या गायरानावर दोनशे रोपं लावली. पाहुणे आले, नारळ फुटला, बॅनर लागला. प्रत्येक फोटोत एका रोपाला सहा-सात हात. त्यानंतर तिकडं कुणी फिरकलं नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू? फेब्रुवारीत मैत्रिणीच्या गावाला जाताना वाटेत गायरान लागलं म्हणून उतरले आणि मोजली. अकरा. त्यातली चार गुलमोहराची. बाकी खड्ड्यांत वाळकी काडी, नाहीतर शेळीच्या लेंड्या.

या वर्षीचं उद्दिष्ट आलंय. पाचशे.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या काकांच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. त्याच काकांबरोबर २०१६ मध्ये मी टँकरपुढं घागर घेऊन उभी होते, चौथीत असताना. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तोच उन्हाळा. दहा वर्षांत दोन्ही टोकं बघून झाली.

आम्ही सहा जण आहोत, चार मुली, दोन मुलं. पैसे नाहीत. दोन सायकली आहेत आणि एकाच्या वडिलांची मोटारसायकल, तीही ते शेतात नसतील तेव्हा. जनजागृती रॅली सोडून काहीही सांगा. रॅली करून झाली आहे. घोषणा आमच्याच होत्या आणि ऐकणारेही आम्हीच.

माळावरचा म्हसोबा | १७ मे, रात्री ११:१२

दोनशेत अकरा म्हणजे साडेपाच टक्के. आमच्या गावाच्या मानानं विशेष प्रावीण्य. आमच्याकडं खड्डे तेच, रोप तेवढं दरवर्षी बदलतं. खड्ड्यांना पण सवय झाली आता, जून आला की आपोआप तोंड उघडतात.

जगात जर्मनी, भारतात परभणी. काहीतरी कराल तुम्ही. शुभेच्छा. (उपरोध नाही. थोडाच आहे.)

धाराशिवकर पुण्यात | १८ मे, सकाळी ९:०५

छान धागा. माझं मत, एक ॲप करा. मातीत ओलाव्याचे सेन्सर टाकायचे, डेटा क्लाउडवर, शेतकऱ्याच्या मोबाईलवर सूचना. एक सेन्सर साधारण दोन-तीन हजारात बसतो. मी कोड लिहून देऊ शकतो, शनिवार-रविवार मोकळा असतो.

माळावरचा म्हसोबा | १८ मे, सकाळी ९:२०

भाऊ, तिनं दोन सायकली आहेत म्हणून सांगितलंय. त्यातली एक पंक्चर असणार.

निवृत्त मास्तर | १८ मे, सकाळी ११:४८

दुधनाकाठ, आधी त्या अकरा रोपांचं अभिनंदन, आणि तू मोजायला उतरलीस त्याचं जास्त. अंबाजोगाई तालुक्यात छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. वृक्षारोपणं पन्नास तरी पाहिली असतील. सहा महिन्यांनी मोजायला गेलेली विद्यार्थिनी पहिलीच.

तेव्हा जे तुला न सांगता जमलं, तेच पुढं कर. मोज. पाऊस मोज, विहिरी मोज. झाडं नंतर.

आपल्याकडं वर्षाचा पाऊस सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. वर्षाअखेर बेरीज तेवढी आली की तहसीलला वाटतं साल चांगलं गेलं. पण तो चाळीस दिवसांत झिरपत पडला की आठ दिवसांत कोसळला, यात शेतकऱ्याचं जगणं-मरणं आहे. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून ढग जास्त वेळ धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. मधे वीस-वीस दिवस उघाड. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाच्या आसपास वाढलं. ऐकायला किरकोळ वाटतं. सोयाबीनला विचारा.

हे सगळं आपण पेपरात वाचतो. आपल्या गावात काय पडलं ते मात्र कुणालाच माहीत नसतं. "लई झाला" आणि "काहीच नाही झाला" ही आपली दोन मापं.

पर्जन्यमापक घरी होतो. पाण्याची सरळ भिंतीची बाटली घ्या. शीतपेयाची नको, तिला कंबर असते. वरचा निमुळता भाग कापून उलटा त्याच बाटलीत बसवा, नरसाळं झालं. कडेला चिकटपट्टी. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून खाली खडे टाका, पाणी ओता आणि पाणी जिथं सरळ भिंतीला लागेल तिथं शून्याची खूण करा. वर कंपासपेटीतली पट्टी चिकटवा. तोंड लहान की मोठं यानं फरक पडत नाही, भिंती सरळ हव्यात. मोकळ्या जागी ठेवा. जवळचं घर किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब. वीट-मातीनं पक्की करा, वाऱ्यानं पडते. वाचायचं रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळही तीच, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतं.

आणि एक. एखाद्या दिवशी राहून गेलं, बाटली सांडली, तर वहीत "नोंद नाही" लिहायचं. शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. या एका गोष्टीवरून मी शाळेत बऱ्याच पोरांना उभं केलेलं आहे.

ऊसवाला माजलगाव | १८ मे, दुपारी १:३०

मास्तर, राग मानू नका. पाऊस मोजून तो जास्त पडणार आहे का कमी? आमच्या शेतात सप्टेंबरात कमरेएवढं पाणी होतं, ते मोजायला बाटली नव्हती लागली.

कृषी सहायक (खाजगी मत) | १८ मे, रात्री ९:१५

ऊसवाला दादा, मोजून पाऊस वाढत नाही हे कबूल. पण एक सांगतो, रोज फिरतोय म्हणून.

अतिवृष्टी म्हणजे २४ तासांत ६५ मिमीच्या वर. हा आकडा घेतला जातो महसूल मंडळाच्या केंद्रावर. एका मंडळात दहा-पंधरा गावं, कुठं त्याहून जास्त. केंद्र एका गावात, ढगफुटी सात किलोमीटरवर दुसऱ्या गावात. केंद्रावर ३० मिमी, शिवारात बांध फुटलेले. हे भांडण मी दर पावसाळ्यात ऐकतो. आता आधीच सांगतो, पोरांच्या बाटलीचा आकडा पंचनाम्याला किंवा विम्याला पुरावा म्हणून चालत नाही. ती आशा कुणाला लावू नका, नाहीतर लोक तुमच्याच अंगावर येतील.

मग उपयोग काय? पेरणी. आम्ही दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेतकरी मान हलवतो आणि पहिल्या सरीला तिफण काढतो. ७५ मिमी झाला का नाही हे त्याला कळणार कसं? तालुक्याचा आकडा पेपरात येतो, त्याच्या शिवाराचा येत नाही. गावात पारावर एक फळा असला, त्यावर "आज १४, जूनपासून एकूण ४१" एवढंच लिहिलेलं असलं, तर निदान दहा घरं थांबतील. दुबार पेरणी वाचली म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं वाचलं. माझ्या मते दोनशे झाडांपेक्षा हा फळा मोठा आहे. झाडांवर माझा राग नाही.

गाव पोकराच्या यादीत आहे का तेही बघा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. असेल तर गावाचा पाण्याचा ताळेबंद कागदावर झालेला असू शकतो. ग्रामपंचायतीत मागा.

दुधनाकाठ | १८ मे, रात्री १०:०२

पेरणीचं हे डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी गेल्या वर्षी दुबार पेरलंय. सर, पाण्याचा ताळेबंद म्हणजे कसा करतात? आम्हाला जमेल का?

निवृत्त मास्तर | १९ मे, सकाळी ७:३०

सातवीचं गणित आहे. गावाचं क्षेत्र हेक्टरात घ्यायचं, पाऊस मिलिमीटरमध्ये. दोन्ही गुणून दहानं गुणलं की घनमीटर. समजा आठशे हेक्टरचं गाव आणि सातशे मिमी पाऊस: ५६ लाख घनमीटर, म्हणजे ५६० कोटी लिटर. ऐकून डोळे फिरतात. पण त्यातलं बरंच वाफ होऊन जातं, बरंच ओढ्यानं वाहतं. मुरतं ते थोडं, आणि मुरून राहायला आपल्याकडं जागाही थोडी. खाली काळा पाषाण. पाणी राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. नदीकाठच्या गाळासारखं जमिनीचं पोट खोल नाही आपलं.

हा जमेचा भाग. खर्चात माणसं, जनावरं, पिकं. माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर दोन हजार वस्तीला वर्षाला चार कोटी लिटर लागतात. आता बघ. उसाला पाटानं दिलं तर हंगामात दोन हजार मिमीच्या वर पाणी जातं. एका हेक्टरला दोन कोटी लिटर. म्हणजे पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी, हिशेब सारखा.

ऊसवाला माजलगाव | १९ मे, सकाळी ८:१०

आलं का उसावर! मला वाटलंच होतं. कुठूनबी निघा, गाडी उसातच घुसती.

मास्तर, तुमच्या दोन हजार मिलिमीटरमधले सातशे तर वरून पडतात की. ते काय मी मोटारीनं उपसलेत? वजा करा. राहिले तेराशे. मग पाच एकर नाही, साडेसात एकर होतात. हिशेब करायचा तर पुरा करा.

आन् ऊस लावू नको म्हणता तर काय लावू? सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. बाजारात त्या भावानं किती जणांचं गेलं ते तुमच्या गावात विचारा. २०१४ च्या गारपिटीत गहू, हरभरा, मोसंबी सगळं झोपलं होतं, उभा होता तो ऊसच. आम्ही काय हौस म्हणून लावतोय?

निवृत्त मास्तर | १९ मे, सकाळी ८:५५

वजाबाकी बरोबर आहे. माझी चूक. साडेसात एकर.

बाकी तुमचा मुद्दाही मी टाळत नाही. भाव नाही तोवर पोरांनी शेतकऱ्याला ऊस सोडा म्हणून उपदेश करणं म्हणजे फुकाचं शहाणपण. पोरांनी फक्त आकडा लिहावा, उपदेश करू नये.

ऊसवाला माजलगाव | १९ मे, दुपारी १२:२०

हां, आता बोललात. मोठ्या मनाचे आहात, मानलं.

पोरांना मीच एक काम देतो. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. ऊस गेला की काडी लावायची ही आमच्याकडची रीत. संध्याकाळी शिवार पेटलेलं असतं, बांधावरची कडुलिंबं होरपळतात, धूर गावात. मी तीन वर्षं झाली जाळत नाही. सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवायचे जिवाणू टाकतो. खोडव्याला, म्हणजे तोडल्यावर परत फुटलेल्या उसाला, पाण्याच्या दोन पाळ्या कमी लागतात माझ्या तरी. शेजारी आधी हसायचे, आता एकानं चालू केलंय. पोरांनी असा एखादा न जाळणारा शेतकरी धरावा आणि त्याच्याच रानात बाकीच्यांना न्यावं. कॉलेजात व्याख्यान ठेवलं तर आम्ही येत नसतो. रानात येतो. चहा पाजला तर लवकर येतो.

कोयत्याची लेक | १९ मे, रात्री ११:३०

सगळं वाचलं. उसाच्या दोन्ही बाजू झाल्या, आता तोडणाऱ्याची पण ऐका.

माझे आईवडील कोयता आहेत, म्हणजे ऊसतोडीची जोडी. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचं, ते ऊन तापल्यावर परत. मी हंगामी वसतिगृहात राहिले, त्याआधी आजीकडं. आता नर्सिंग करते बीडला. डोंगरपट्ट्यातली आहे, बालाघाटातली.

दोन गोष्टी म्हणायच्यात. एक, तुमची शिबिरं डिसेंबर-जानेवारीत होतात. तेव्हा आमचं अर्धं गाव रिकामं असतं. म्हातारी माणसं आणि कुत्री. ज्यांच्यासाठी काम करायचं ती माणसंच तिथं नसतात आणि अहवालात "ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग" लिहिलेलं असतं. तांड्यावर, वस्तीवर काही करायचं तर मे-जूनमध्ये या.

दुसरं, हवामान बदल म्हटलं की सगळे झाड आणि पाणी बोलतात. ऊन कुणी बोलत नाही. माझी चुलती मागच्या वर्षी रोहयोच्या कामावर चक्कर येऊन पडली. लोकांनी कांदा फोडून नाकाला लावला, मग बळंच पाणी पाजायलेत. ती शुद्धीत नव्हती, पाणी छातीत गेलं असतं. मी त्या दिवशी घरी होते हे नशीब.

हे शिकवा घरोघरी. घाम यायचा थांबला, अंग भाजतंय, माणूस असंबद्ध बडबडायलाय, तर वाट बघायची नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा, वारा घाला, १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. नुसता थकवा असेल, शुद्धीत असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, पळी नाही. एवढं पाठ व्हायला पाच मिनिटं लागतात.

आणि पत्रा. आमच्याकडं घरं पत्र्याची. आम्ही चार मुलींनी एप्रिलमध्ये दोन शेजारी खोल्यांत दुपारी तीनला तापमापी लटकवली, आठ दिवस. मग एका पत्र्यावर चुना मारला, त्यात थोडा फेविकॉल घालून म्हणजे धुऊन जात नाही. पुढचे आठ दिवस चुन्याच्या खोलीत दुसरीपेक्षा साधारण तीन अंश कमी. तीन अंशांनी काय होतं असं विचाराल, तर आजी दुपारी घरात झोपायला लागली. आधी पिंपळाखाली जाऊन बसायची.

अंबडची काकू | २० मे, सकाळी १०:१५

कोयत्याची लेक, शाब्बास गं. आमच्या गच्चीवर आज संध्याकाळीच चुना लावायला सांगते.

झाडांचं मी बोलते, तेवढंच मला येतं. पाचशे लावू नका. वीस लावा. प्रत्येकाला एक घर नेमून द्या, ज्या घरात म्हातारं माणूस आहे असं घर. तरण्या पोरांवर भरवसा नाही, परीक्षा आली की विसरतात. म्हातारा माणूस रोज सकाळी तांब्याभर पाणी ओततो आणि शेळीला धोंडा मारतो. बोरी-बाभळीच्या काट्याचं कुंपण करा, लोखंडी जाळी चोरीला जाते.

आणि गुलमोहर कशाला? शोभेचं झाड ते. लिंब, करंज, चिंच, बोर, पळस, हिवर, आपटा. लिंबोळ्या आता पंधरा-वीस दिवसांत पडायला लागतील. लगेच गर काढून पिशवीत लावा, लिंबाचं बी जुनं झालं की उगवत नाही. बाभळीच्या बियांवर कडकडीत गरम पाणी ओता आणि त्यातच रात्रभर भिजू द्या. शेळ्यांच्या गोठ्यात मिळतं ते तर उत्तमच, शेळीच्या पोटातून आलेलं लवकर रुजतं. जी शेळी झाड खाते तीच बी पेरते म्हणा. रोपवाटिका फुकट.

पहिले दोन उन्हाळे पाणी. त्यानंतर झाड आपलं बघून घेतं. जमिनीत मडकं पुरून त्याच्या तळाला भोक पाडून चिंधीची वात घाला, आठवड्याला एक घागर पुरते.

माळावरचा म्हसोबा | २० मे, सकाळी ११:००

सगळं गोड चाललंय, मीच कडू बोलतो. जगभर धुराडी ओकतात अमेरिका नि चीन, गाड्या उडवतात मुंबई-पुण्याचे, आणि बाटल्या कापायच्या सेलूच्या पोरींनी? पृथ्वीचा ताप यांनी उतरवायचा?

निवृत्त मास्तर | २० मे, दुपारी १२:१०

म्हसोबा, हा प्रश्न चांगला आहे आणि उपरोधात वाया घालवू नका. माणशी हिशेब केला तर भारतीयाचा कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यात ऊसतोड्याचा, सायकलवरच्या पोरीचा वाटा किती असणार? दुधनाकाठ उद्यापासून आणखी कमी वीज वापरू लागली म्हणून काही उतरणार नाही. तो हिशेब दिल्लीला, वॉशिंग्टनला, बीजिंगला मागायचा. २०१५ च्या पॅरिस करारात तो मागायची सोय आहे, अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि बाकीचे पाळतात किती ते वेगळं.

इथं प्रश्न तग धरण्याचा आहे. ताप दुसऱ्यानं आणला म्हणून घरात पाण्याची पट्टी ठेवायची नाही, असं करतो का आपण?

माळावरचा म्हसोबा | २० मे, दुपारी १२:३१

मास्तर, तुम्ही शाळेत असताना मी मागच्या बाकावर असतो तर बरं झालं असतं.

(असेनही. कुठली शाळा?)

कृषी सहायक (खाजगी मत) | २० मे, रात्री ९:४०

गावात काम करायचं तर ग्रामसभेत जा. वर्षात चार तरी होतात, सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. अठरा पूर्ण आणि मतदार यादीत नाव असलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. विद्यार्थी म्हणून पाहुणे नाही, सदस्य. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची जुळवाजुळव चालू होते, तेव्हा विषय लेखी देऊन ठेवा, ठरावात आला की नाही हे सही करण्याआधी वाचा. तोंडी बोललेलं हवेत जातं. कागद दाबून ठेवला तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये, तीस दिवस. पण ते पहिलं पाऊल करू नका. ग्रामसेवक बिचारा तीन गावं सांभाळतो, आधी चहा प्या.

मोजायच्या विहिरी चार-पाच निवडा, वेगवेगळ्या उंचीवरच्या. दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंत किती, ते लिहा. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुम्ही त्याच महिन्यांत मोजा. आणि मुलींनो, एकटीदुकटीनं विहिरीवर वाकू नका. जुन्या विहिरींचे कठडे कुजलेले असतात.

धाराशिवकर पुण्यात | २१ मे, सकाळी ८:४५

ॲपचं मागे घेतो. एक साधी तक्ता-फाइल करून दिली तर चालेल का? गाव, तारीख, मिलिमीटर. मोबाईलवरून भरता येईल. दहा गावं झाली तर नकाशा आपोआप रंगेल. फुकट. सेन्सर नाही.

तुमच्या तालुक्यात वालूरची ती गोल गोल उतरत जाणारी बारव आहे ना? गावकऱ्यांनी श्रमदानानं गाळ काढला होता. तिथलं पाणी पण मोजा. शेकडो वर्षांपूर्वीचा माणूस पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरत होता, पातळी किती खाली गेली ते त्याला पायरी मोजून कळत असेल.

माळावरचा म्हसोबा | २१ मे, सकाळी ९:००

हे मात्र लाख बोललात. पंक्चरचे पैसे मी देतो.

दुधनाकाठ | २४ मे, रात्री ९:५०

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

आम्ही बसलो काल. सगळं जमणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पाचटाचं आमच्या गावात नाही, ऊसच कमी आहे. चुन्याला पैसे लागतात, पण शाळेच्या सरांनी एका वर्गखोलीसाठी एक पोतं द्यायचं कबूल केलंय. साखर-मिठाचं पाणी आणि उन्हाचं काम दोघी करणार, त्यांनी लगेच दोन वस्त्या वाटून घेतल्या. कोयत्याची लेक, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, तुमचे शब्द जसेच्या तसे वापरू का?

झाडं वीस. यावरून कॉलेजात बोलणं बसलं. मला सांगितलं गेलं की वीसच्या आकड्यानं अहवाल होत नाही. मी म्हटलं अकराच्या आकड्यानं झाला होता का? मग पुढं काही बोलणं झालं नाही. उरलेल्या चारशे ऐंशीचं काय करायचं ते ते बघतील.

पावसाचं नक्की. तीन बाटल्या: माझ्या घरी, शाळेत, आणि नदीपलीकडच्या वस्तीवर. मारुतीच्या पारावरचा जुना फळा आहे, त्यावर पूर्वी दूध डेअरीचे भाव लिहायचे. सरपंचांना विचारलं तर म्हणाले लिहा, पण कुणाच्या पक्षाचं काही लिहू नका. पावसाला पक्ष नसतो म्हटलं. ते हसले, पण खडू स्वतःचा आणा म्हणाले.

ऊसवाला माजलगाव | २४ मे, रात्री १०:२०

खडूचा डबा माझ्याकडून. पत्ता निरोपात पाठव बाळा.

दुधनाकाठ | ११ जून, रात्री ८:१५

पहिला पाऊस झाला परवा. घरी १४, शाळेत ९, वस्तीवर २२. अंतर दीड-दीड किलोमीटर! मला वाटलं बाटली चुकली, म्हणून तिन्ही पट्ट्या परत तपासल्या. बरोबर होत्या.

फळ्यावर लिहिलं: "एकूण १४. पेरणीला ७५ पाहिजे." लगेच दोन जणांनी विचारलं की वस्तीवर २२ झालाय मग फळ्यावर १४ का. तिन्ही लिहायला लागले. फळा कमी पडतोय. आमच्या काकांनी पहिल्या दिवशी वाचून नुसतं "हूं" केलं. आज बियाण्याची पोती माळवदावरून उतरवली नाहीत. विचारलं तर म्हणाले, बघू.

निवृत्त मास्तर | ११ जून, रात्री ९:००

दीड किलोमीटरवर नऊ आणि बावीस. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिही. कृषी सहायक, तुमच्या सात किलोमीटरचं उत्तर मिळालं बघा.

कोयत्याची लेक | १२ जून, सकाळी ७:१०

शब्द वापरा, माझंच काही नाही त्यात. आमच्याकडं पण बाटली लावली, बीडच्या वसतिगृहाच्या गच्चीवर. काल ६. मैत्रिणी विचारायल्यात की ही बाटली कशाला सांभाळतेस, मी म्हटलं नवस आहे.

धाराशिवकर पुण्यात | १२ जून, सकाळी ९:३०

तक्त्यात आतापर्यंत चार ठिकाणं: सेलूच्या गावातली तीन आणि बीड. अंबडची काकू, तुमचं नाव टाकू का पाचवं?

अंबडची काकू | १२ जून, सकाळी १०:४०

टाका. पण मला साडेआठला जमत नाही, तेव्हा डबे भरायचे असतात. साडेसात चालेल का मास्तर?

निवृत्त मास्तर | १२ जून, सकाळी ११:१५

चालेल. रोज तीच वेळ ठेवा आणि वहीत वेळ लिहा.

दुधनाकाठ | १७ जून, सकाळी ८:५२

रात्री वादळ होतं. घरी ३१, शाळेत २६. वस्तीवरची बाटली कुत्र्यानं पाडली की वाऱ्यानं, माहीत नाही, विटांसकट आडवी होती आणि आत एक गोगलगाय. धाकट्या भावाला वहीत भरायला पाठवलं तर त्यानं तिथं ० लिहून आणलं होतं. खोडायला लावलं.

वस्ती: नोंद नाही.